निळी रेषा ब्रोशरमध्ये का नसते?

फ्लॅट बुक केला तेव्हा मिळालेलं ब्रोशर अजून आमच्या घरात आहे. जाड गुळगुळीत कागद, पानापानावर झाडं, एक बाई पहाटे योगा करतेय, मागे डोंगर, आणि वर मोठ्या अक्षरात ग्रीन लिव्हिंग. त्यात सोलर वॉटर हीटर होता, रेन वॉटर हार्वेस्टिंग होतं, गांडूळखताचा खड्डा होता, सगळं होतं, फक्त कंपाउंडच्या मागून एक ओढा जातो हे कुठे नव्हतं. तो ओढा मी पहिल्यांदा नीट बघितला तो राहायला आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात, म्हणजे मी काही त्याला बघायला गेलो नाही, तोच आमच्या पार्किंगमध्ये आला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही रोज चार-पाच टँकर मागवत होतो. मे मध्ये पाणी विकत घ्यायचं, ऑगस्टमध्ये तेच पाणी मोटर लावून उपसून बाहेर फेकायचं, दोन्हीचा खर्च मेंटेनन्समधून, आणि याला ग्रीन म्हणून चौरस फुटामागे जास्तीचे पैसे आधीच मोजलेले.

तेव्हापासून हा किडा डोक्यात शिरलाय. आपल्याकडे पर्यावरणपूरक राहणं म्हणजे काहीतरी विकत घ्यायची वस्तू झालीय, बांबूचा टूथब्रश, ऑरगॅनिक गूळ, इलेक्ट्रिक गाडी, ग्रीन रेटिंगवाला फ्लॅट, आणि हे सगळं महाग असतं त्यामुळे सामान्य माणूस म्हणतो बाबा हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याला परवडत नाही. पण सामान्य माणसाच्या आयुष्यातला पर्यावरणाचा सगळ्यात मोठा निर्णय ब्रशचा नसतोच, तो कुठे राहायचं हा असतो. पाणी कुठून येणार, कुठे मुरणार, कुठे तुंबणार, छतावर ऊन किती पडणार, कामाला जायला किती पेट्रोल जाळावं लागणार, हे सगळं त्या एका सहीने वीस-तीस वर्षांसाठी ठरतं. आणि ती सही आपण डोळे झाकून करतो. कारण त्या जागेची माहिती असते, आकाशातून काढलेली असते, आपल्याच टॅक्सच्या पैशातून काढलेली असते, पण ती आपल्या हातात कुणी ठेवत नाही. ती माहिती, पुराची निळी रेषा धरून, करारनाम्याला जोडून मिळाली पाहिजे, भाड्याने राहणाऱ्यालाही आणि विकत घेणाऱ्यालाही, एवढीच माझी मागणी आहे. बाकी लेख म्हणजे ती का, आणि तिच्यात कुठे गोची आहे ते.

पार्किंगमधलं पाणी उपसून झालं त्या रात्री मी गूगल अर्थ उघडून बसलो. त्यात जुन्या वर्षांचे फोटो बघायची सोय आहे, बऱ्याच जणांना माहीत नसतं. सरकवत सरकवत मागे गेलो तर आमच्या बिल्डिंगच्या जागी शेत, कडेला बाभळी, आणि मधून तो ओढा, चांगला ऐसपैस, दोन वळणं घेत जाणारा. मग एका वर्षी भराव दिसतो. मग पुढच्या फोटोत वळणं गायब, ओढा सरळ झालेला, काँक्रीटच्या गटारासारखा, आणि आधी होता त्याच्या निम्मा सुद्धा नाही. आमचं सी विंगचं पार्किंग बरोबर त्या पहिल्या वळणावर आहे. दहा मिनिटांत कळलं. फुकट. ज्या दहा मिनिटांत मी बुकिंगच्या वेळी मॉड्युलर किचनचा रंग निवडत होतो.

आता हे काही माझं कौतुक नाही, सांगायचं कारण असं की ही माहिती गुप्त बिप्त अजिबात नाही. अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह १९७२ पासून जमिनीचे फोटो काढतोय आणि २००८ पासून ते सगळ्या जगाला फुकट आहेत. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून वर गेले, ते दहा मीटरपर्यंतचं दाखवतात आणि जवळपास दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात, तेही फुकट. आपल्या इस्रोने १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा जमिनीचे फोटो काढणारा उपग्रह सोडला, २००९ मध्ये भुवन हे नकाशांचं पोर्टल काढलं. नागपूरला उपग्रहांच्या फोटोंवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र आहे, भूजलवाल्यांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरचे जुने परवान्याचे नियमही बरेच सैल केले. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसलं हे आहे, फक्त वळसा एका पावसाळ्याचा नसून वीस वर्षांच्या हप्त्यांचा आहे. (या सगळ्याला जिओस्पेशियल टेक्नॉलॉजी म्हणतात आणि सरकारी मराठीत भू-स्थानिक तंत्रज्ञान. हा शब्द ज्याने काढला त्याने लोकांनी या विषयाच्या जवळ येऊ नये याची चांगलीच काळजी घेतली असं मला वाटतं. गावनकाशा म्हटलं असतं तरी लोकांना कळलं असतं.)

पूररेषेचंच घ्या. नदीकाठाला दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचेल ती, तिच्या आत बांधकामाला बंदी, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी. आता पंचवीस वर्षांतून एकदा म्हटलं की माणसाला वाटतं, अरे मागच्या साली तर आला, आता चोवीस वर्षं निवांत. तसं नसतं. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार शक्यता. नाण्याला आधीचा छापा-काटा लक्षात राहत नाही तसं नदीला मागच्या वर्षीचा पूर लक्षात राहत नाही. मग होम लोन वीस वर्षांचं धरा आणि हिशोब करा, निळ्या रेषेवरच्या घरात कर्ज फिटायच्या आत एकदा तरी पाणी शिरायची शक्यता निघते शंभरात छप्पन्न. निम्म्याहून जास्त! लाल रेषेवर सुद्धा अठरा निघते. हे कुठल्या बँकेच्या माणसाने कर्ज देताना सांगितलंय? तो तीन वर्षांचे आयटी रिटर्न मागतो, जन्मतारीख मागतो, आणि जागेचा टायटल सर्च करतो म्हणजे जमीन आधी कुणाच्या बापाची होती ते बघतो. ती आधी कुठल्या ओढ्याची होती हे कुणी बघत नाही.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा काय असतो ते कळलं. कात्रजच्या डोंगरातून येणारा, वर्षातले दहा महिने लोकांच्या लेखी नुसता नाला असलेला ओढा, त्या रात्रीच्या पावसात पुणे आणि आसपास मिळून वीसच्या वर माणसं गेली, गाड्या एकावर एक चढलेल्या, सोसायट्यांच्या भिंती पडल्या. आणि हा ओढा काही नवा आहे का हो? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी नळाने पार शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं, निव्वळ उताराच्या जोरावर, पंप नाही की वीज नाही. आजची सारसबाग ही तेव्हा तळं होती. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी या शहराला आपला उतार पाठ होता. आज उपग्रह डोक्यावरून दर पाच दिवसांनी फिरतायत आणि आम्हाला आमच्या गल्लीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते पाणी आल्यावर कळतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत परत तेच, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे लोकं झोपेतून उठली ती गुडघाभर पाण्यात. पूररेषा नक्की कुठून जाते यावरून पुण्याची भांडणं हायकोर्टापर्यंत गेलीयत, यातच काय ते आलं. रेषाच सरकते म्हटल्यावर घेणाऱ्याने कुणाकडे बघायचं?

याच्या उलट मला कोल्हापूरचं उदाहरण फार आवडतं. पावसाळ्यात कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहा, कुणीतरी विचारणारच, पंचगंगा किती फूट? राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे तिथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. आता याला काय म्हणायचं, ही जलसाक्षरताच झाली की, कुठल्या वर्कशॉपशिवाय आलेली. पण २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला परत तसंच, तेव्हा एक उणीव उघडी पडली. ५० फूट म्हणजे माझ्या दारात किती? उंबऱ्याला का खिडकीला? ते कुणाला सांगता येईना. म्हातारी माणसं भिंतीवरच्या जुन्या खुणा दाखवत होती, त्या खुणांच्या वर कधी पाणी येणार नाही म्हणून माणसं घरात बसून राहिली आणि मग बोटीतून काढावी लागली. बंधाऱ्यावरचा आकडा आणि माझा उंबरा यांची सांगड घालून देणं, बास, नकाशाचं सगळं काम एवढंच आहे. जमिनीची उंची मोजलेली असली की अमुक फुटाला कुठली गल्ली बुडते ते काढणं हे इंजिनिअरिंगच्या पोरांचं प्रोजेक्ट आहे, रॉकेट सायन्स नाही, म्हणजे रॉकेटचं काम इस्रोने आधीच करून ठेवलंय.

परवडण्याचा मुद्दा मी सोडलेला नाही, तिकडेच येतोय. सोलरचं बघा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळते, आपल्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो, गणित छान बसतं. पण आमच्या मित्राने बंगल्यावर पॅनेल लावले आणि पुढच्या वर्षी दक्षिणेच्या बाजूला वीस मजली टॉवर उभा राहिला. डिसेंबरमध्ये पुण्यात भर दुपारी सुद्धा सूर्य दक्षिणेला कलून साधारण ४८ अंशावर असतो, म्हणजे साठ मीटरच्या इमारतीची सावली पन्नास-पंचावन्न मीटर लांब उत्तरेकडे पडते, आणि सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका. हिवाळाभर त्याचे पॅनेल अर्धा दिवस सावलीत. त्या टॉवरला परवानगी मिळालेली होती, प्लॅन मंजूर होता, उंची कागदावर होती, सगळं कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये होतं. पॅनेल बसवणाऱ्याने विचारलं नाही आणि याला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. सोलर महाग नव्हतं. न बघता लावलेलं सोलर महाग पडलं.

पावसाचं तसंच. हजार चौरस फूट छत आणि पुण्यातला वर्षाचा सातशे मिलिमीटर पाऊस, गुणाकार केला की पासष्ट हजार लिटर होतात, थोडं वाया गेलं धरलं तरी पन्नास हजार, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर एका छतावर दर वर्षी फुकट उतरतात. दहा हजार फुटांचं सोसायटीचं छत असेल तर पन्नास टँकर. महापालिका सोलर, रेन वॉटर, गांडूळखत यांसाठी प्रॉपर्टी टॅक्समध्ये पाच-दहा टक्के सूट पण देते. मग आमच्याकडे तो खड्डा होता ना, ब्रोशरवाला? होता. त्यात पाणी सोडलं की ते तसंच उभं राहायचं, डास व्हायचे, मग कुणीतरी वर फरशी टाकली. कारण खाली काळा पाषाण. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग लाव्हाच्या खडकाचा आहे, थरावर थर, त्यातला एक थर पाणी धरतो, दुसरा थेंबभरही आत घेत नाही, वर मुरूम, मध्ये मांजऱ्या खडक, खाली फोडून फुटत नाही असा दगड, आणि शंभर फुटांवर सगळं बदलतं. आमचा खड्डा जिथे बिल्डरला जागा उरली तिथे होता, पाणी जिथे मुरतं तिथे नव्हता. मुरायची जागा होती ती बॅडमिंटन कोर्टखाली गेली.

इथे मला आकाशवाल्यांची थोडी हवा काढावी लागेल. जमिनीच्या पोटातलं उपग्रहाला जवळजवळ दिसत नाही. ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी होती, ती गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकावरून भूजल घटतंय का वाढतंय ते सांगायची, २००२ ते २०१७, काम जबरदस्तच होतं, पण ती सांगायची शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल, तुमच्या बोअरबद्दल नाही. बोअरबद्दल सांगायला अजूनही पाणाड्या येतो, हातावर नारळ ठेवून फिरतो आणि पाच हजार घेऊन जातो, आमच्याही सोसायटीत आला होता, कमिटीत तीन इंजिनिअर असताना. खालचं कळायला पायी फिरावं लागतं, विहिरी मोजाव्या लागतात, खडक बघावा लागतो. पुण्यातली अ‍ॅक्वाडॅम नावाची संस्था पंचवीस वर्षांहून जास्त काळ हेच करतेय, शहराच्या खालचे पाणी धरणारे खडक कुठे आहेत, ते भरतात कुठून, याचा अभ्यास त्यांनी लोकांसमोर ठेवलाय. तो शहराच्या आराखड्यात रेषा होऊन उतरला पाहिजे, या टेकडीच्या उतारावर पाणी मुरतं, इथे काँक्रीट नको, असं. नाहीतर दर सोसायटी आपापलं भोक पाडत बसते, कुणी चारशे फूट, कुणी सातशे, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि नुसता नकाशा काढला म्हणजे झालं असं समजू नका, त्यात आपण एकदा हात पोळून घेतलेत. पाणी अडवायची सरकारी योजना, जलयुक्त शिवार, आठवतंय? प्रत्येक कामाचा जागेच्या खुणेसह फोटो, सगळं नागपूरच्या सर्व्हरवर. फोटो होते, अक्षांश-रेखांश होते. २०२० ला कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्यांचा, रिपोर्ट आला, नऊ हजार सहाशे कोटींच्या वर खर्च झालाय आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम दिसत नाही म्हणून. तो रिपोर्ट कुणाला मान्य असेल कुणाला नसेल, राजकारण बाजूला ठेवू, पण एक गोष्ट साधी आहे, फोटोत बंधारा दिसतो, त्यातलं पाणी जानेवारीत कुणी किती उपसलं ते दिसत नाही. हिवरे बाजारला काय आहे? पर्जन्यमापक आहे, विहिरींची मोजमापं आहेत आणि ग्रामसभा आहे. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपासचा गाव, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, एवढा पाऊस झाला, एवढं पाणी आहे, मग यंदा कुठली पिकं घ्यायची नि कुठली नाही, आणि शेतीसाठी बोअर मारायला बंदी. तिथल्या पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली ती ड्रोन उडवला म्हणून नाही. आकडा चावडीवर सगळ्यांसमोर वाचला जातो, तिथे त्याला वजन येतं. सर्व्हरवर पडून राहिलेला आकडा नुसता पडून राहतो.

पण मग कुणी म्हणतं, अहो हे नकाशे-बिकाशे साध्या माणसाला काय कळणार, तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातला शेतकरी ई-पीक पाहणी करतोय, म्हणजे मोबाईल घेऊन बांधावर जातो, गट नंबर निवडतो, पिकाचा फोटो काढतो, जीपीएससकट सातबाऱ्यावर चढवतो. सर्व्हर बंद पडतो, रेंज नसते, शिव्या घालतो, पण करतो. तो शेतकरी जे करतो त्याला तुम्ही इंग्रजीत जिओटॅगिंग म्हणता आणि पुण्यात त्यावर कॉन्फरन्स घेता. ड्रोनचं पण तेच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाण मोजणीचा प्रयोग झाला, मग एप्रिल २०२० मध्ये देशभर स्वामित्व योजना आली, गावोगावचे चुन्याच्या रेघा मारलेले रस्ते आणि घरं ड्रोनने टिपली, लोकांना प्रॉपर्टी कार्ड मिळायला लागली. चांगलंच झालं. पण त्याच ड्रोनच्या फोटोंवरून जमिनीचा उतार काढता येतो, पाणी कुठल्या घराकडे जाईल ते काढता येतं. मालकीसाठी उडवला, पाण्यासाठी त्याच फोटोंकडे परत एकदा बघायचं होतं. म्हणजे आपल्याकडे नकाशा निघतो तो वसुलीसाठी आणि मालकीसाठी, ही सवय जुनी आहे, तो इंग्रजांचा मोजणीवाला लॅम्बटन साहेब मद्रासपासून देश मोजत मोजत वर आला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, कबर आहे तिथे, तोही काही रयतेला पूर कुठे येईल हे सांगायला निघाला नव्हता.

आता खरी अडचण. ओढ्याचं पाणी पार्किंगमध्ये आलं त्यानंतर मी जुना आणि नवा असे दोन नकाशे रंगीत प्रिंट काढून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावले. तीन दिवसांत गायब. कुणी काढले ते मला माहितीये, वाईट माणूस नाही तो, मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी फ्लॅट विकायला काढला होता आणि त्या आठवड्यात गिऱ्हाईक येणार होतं. त्याला मी काय बोलणार? माझी मागणी मान्य झाली तर उद्या माझ्याही फ्लॅटची किंमत पडेल, मला हे माहीत आहे आणि ते बोचतं. पण किंमत आज पण पडलेलीच आहे हो, फक्त ती शेवटचा गिऱ्हाईक भरणार आहे, ज्याला बोर्डावर काही दिसलं नाही तो. हा एकमेकांच्या गळ्यात मारायचा खेळ आहे. आधीच सांगितलं तर ती घट बिल्डरच्या जमीनखरेदीत बसेल, म्हणजे ओढ्याकाठची जमीन स्वस्तातच घ्यावी लागेल आणि तिथे बाग किंवा मोकळं मैदान ठेवणं त्यालाही परवडेल.

दुसरी अडचण याच्याहून मोठी आहे, आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पूररेषेचा नकाशा हातात आला की त्याचा पहिला फटका कुणाला बसतो? जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याच्या वस्तीत घरं पाडायला यंत्रं गेली, पावसाळ्याच्या तोंडावर, कोरोना चालू असताना, लोकांचा आक्रोश टीव्हीवर सगळ्यांनी बघितला, मग कोर्टाने त्याच दिवशी थांबवलं. ओढा तोच. त्याच्या काठाला सोसायट्या पण आहेत, त्यांच्याकडे जेसीबी गेला नाही. त्यामुळे वस्तीतला माणूस नकाशा म्हटला की घाबरतो आणि त्याचं घाबरणं बरोबर आहे, त्याच्यासाठी निळी रेषा म्हणजे पाण्यापासून वाचवणारी गोष्ट नाही, घर पाडायची नोटीस आहे. मी म्हणतो ते फक्त त्या अटीवर की रेषेच्या आतल्या गरिबाला आधी जवळपासच घर, दहा-पंधरा किलोमीटरवर नाही, कारण धुण्याभांड्याची कामं जिथे आहेत तिथून लांब टाकलं तर त्याचा सगळा पगार बसच्या तिकिटात जातो आणि तो सहा महिन्यांनी परत ओढ्याकाठीच येतो. आणि पाडायचं असेल तर मोठ्या कंपाउंडच्या भिंतीपासून सुरुवात करा.

नकाशा चुकतोही, हे पण कबूल. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं तेव्हा गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एसटीच्या ड्रायव्हरला कळलं. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला रात्री डोंगराखाली गेली आणि नंतर सांगण्यात आलं की दरडप्रवण गावांच्या यादीत ती नव्हतीच. पन्नासेक घरांची ठाकरांची वाडी. देशभराच्या दरडींच्या नकाशाचं प्रमाण असतं पन्नास हजाराला एक, म्हणजे कागदावरच्या एका मिलिमीटरमध्ये पन्नास मीटर जमीन, अख्खी वाडी त्यात पेन्सिलीच्या टोकाएवढी. यादीत नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ ज्याने लावला त्याची चूक. म्हणून नकाशाबरोबर तो किती जाडसर आहे हेही लिहा, आणि डोंगराला भेग दिसली, झरा एकदम गढूळ झाला, झाडं तिरकी झाली, हे सांगायला वाडीतल्या माणसाला एक नंबर द्या जो कुणीतरी उचलतो. वरचा डोळा आणि खालचा माणूस एकमेकांशी बोलले पाहिजेत.

मग करारनाम्याला काय जोडायचं? एक पान पुरे. मराठीत. जागा निळ्या-लाल रेषेपासून किती लांब आणि किती उंच, ती रेषा कुठल्या वर्षीची. वीस वर्षांपूर्वीचा आणि आजचा उपग्रहाचा फोटो शेजारी शेजारी, ओढा-नाला ठळक करून. पाणी कुठून येणार, पालिकेचं का बोअरचं का टँकरचं, स्पष्ट. डोंगरउतार असेल तर दरडीचा शेरा. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, साइटवर २०१७ पासून बिल्डरला ढीगभर कागद चढवावेच लागतात, त्यात हे एक आणखी, आणि रजिस्ट्रेशनच्या वेळी त्या पानावर दोघांची सही. जुन्या घरांच्या खरेदीलाही तेच. गावाकडे हाच शेरा सातबाऱ्यावर. सरकारला यासाठी नवा उपग्रह सोडावा लागणार नाही, जलसंपदा, भूजल, नगररचना आणि महसूल या चार खात्यांना एका टेबलावर बसवावं लागेल. उपग्रह सोडणं सोपं असावं बहुतेक.

तोपर्यंत आम्ही काय केलं ते सांगतो. आमचा वॉचमन कोल्हापूरकडचा, शिरोळ तालुक्यातला. तो म्हणाला साहेब तुमच्या ओढ्याला फूटपट्टी कुठाय? खरंच नव्हती. मागच्या मे महिन्यात रविवारी आम्ही सहा जण ओढ्यावरच्या छोट्या पुलाखाली उतरलो, टेपने मोजून खांबावर ऑइलपेंटने दर फुटाला पांढरी रेघ मारली, पाचव्या फुटाला पिवळी, सातव्याला लाल. पाण्याच्या पाइपने लेव्हल काढून बघितलं होतं, गवंडी काढतात तसं, लाल रेघेला सी विंगच्या पार्किंगचा रॅम्प बरोबर येतो. रंग, ब्रश, टर्पेंटाइन धरून नऊशे रुपये, सेक्रेटरींनी व्हाउचर पास केलं, कुरकुर करत. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दीड वाजता वॉचमनने ग्रुपवर फोटो टाकला, टॉर्चच्या उजेडात, पाणी पिवळ्याच्या वर. खाली लिहिलं होतं, साडेपाच, वाढतंय. चाळीस मिनिटांत सी विंगच्या सगळ्या गाड्या वर रस्त्यावर होत्या. पहिली गाडी काढणारा तोच, नोटीस बोर्डवाला. त्याचा फ्लॅट अजून विकला गेलेला नाही.